मुलांच्या मानसिक गरजा शिकवताना : यादीच्या आधी निरीक्षणवही

बडोद्यातील एका अध्यापक महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका प्राध्यापिकेने मला असे विचारले आहे : ‘बालकांच्या मानसिक गरजा हा घटक मी दोन वर्षे शिकवते आहे. माझ्या विद्यार्थिनी परीक्षेत गरजांची यादी बिनचूक लिहितात, परंतु सरावपाठाला गेल्या की रडणाऱ्या मुलाला “शहाणा ना तू, रडायचं नाही” एवढे म्हणून फळ्याकडे वळतात. शिकवण्यात माझे काय चुकते आहे?’

हा घटक मी याच शहरात सत्तावीस वर्षे शिकवत आले आहे आणि पहिली सहा-सात वर्षे मीही तो आपल्यासारखाच शिकवला. फळ्यावर मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या नावाने ओळखला जाणारा गरजांचा त्रिकोण काढायचा, त्याचे पाच थर समजावून सांगायचे, प्रत्येक थराला दोन उदाहरणे द्यायची आणि शेवटी घटकचाचणी घ्यायची, अशी माझी पद्धत होती. आपण म्हणता ते अंतर तेव्हा माझ्याही वर्गात होते, आणि त्याचे खापर मी विद्यार्थिनींच्या उदासीनतेवर फोडत असे. आज माझे मत असे आहे की दोष क्रमात आहे. आपण आधी गरजांची नावे हातात देतो आणि मग मुलांकडे पाहायला पाठवतो. ज्या विद्यार्थिनीकडे नाव आधीपासून तयार असते, तिला मुलामध्ये ते नावच दिसते आणि मूल दिसायचे राहून जाते. म्हणून पहिले तीन आठवडे मी वर्गात ‘गरज’ हा शब्द उच्चारतच नाही.

त्या तीन आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थिनीने एखाद्या बालवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात कोपऱ्यात बसायचे, एकच मूल निवडायचे आणि दहा मिनिटे ते जे करील ते घड्याळ लावून लिहून काढायचे. अट एकच, वहीत विशेषण येता कामा नये. ही अट ऐकायला सोपी वाटते, पण पहिल्या आठवड्यात वह्या परत येतात तेव्हा त्या ‘हट्टी’, ‘चंचल’, ‘घुमी’, ‘लाडावलेला’ अशा शब्दांनी भरलेल्या असतात. मी त्या शब्दांखाली रेघ मारते आणि समासात लिहिते, ‘हे तुम्हाला कशावरून वाटले, तेवढेच लिहा.’ मुलींना याचा राग येतो. येऊ द्यावा.

एक वही मला अजून आठवते. जुलै महिना होता आणि रावपुऱ्याजवळच्या एका बालवाडीत आमच्या मुली जात होत्या. एका विद्यार्थिनीने चार वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिले होते, ‘मुलगा हट्टी आहे. दप्तर काढत नाही. सांगितलेले ऐकत नाही. घरी फार लाड होत असावेत.’ मी तिला दुसऱ्या दिवशी त्याच मुलाजवळ पुन्हा बसवले. त्या दिवसाची नोंद अशी होती (बेन म्हणजे बालवाडीच्या शिक्षिका) : ‘9.10, दप्तर दोन्ही खांद्यांवर. बेनने खुंटी दाखवली, त्याने दोन्ही पट्टे मुठीत धरले. 9.12, दाराकडे पाहिले. 9.13, उजव्या हाताने ठोकळा घेतला, डावा हात पट्ट्यावर. 9.14, बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. उठून दारापर्यंत गेला, परत आला. 9.17, दाराकडे पाहिले. 9.19, शेजारच्या मुलीने ठोकळा पुढे केला. हसला. घेताना पट्टा सुटला. पुन्हा धरला.’

ही नोंद वर्गात वाचली तेव्हा कोणीही ‘हट्टी’ म्हटले नाही. एका मुलीने विचारले, ‘तो कुणाची वाट बघतोय?’ तिसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी शाळा सुरू होण्याच्या आधीच जाऊन फाटकापाशी उभी राहिली. मुलाला सोडायला त्याची आजी येत असे आणि निघताना त्याला सांगत असे, ‘मी इथंच उभी आहे हं, पाच मिनिटांत येते.’ त्या मुलाने आजीचा शब्द खरा मानला होता. पाच मिनिटांत निघायचे आहे, तर दप्तर कशाला काढायचे? ज्याच्याविषयी ‘ऐकत नाही’ असे लिहिले गेले, त्यानेच त्या वर्गात मोठ्यांचे बोलणे सर्वांत मनापासून ऐकले होते.

पुढे बेननी आजींशी बोलून घेतले. ‘डबा खाऊन झाला, बागेत खेळून झालं, की मी येते’ असे खरे सांगायचे, हात हलवून निरोप घ्यायचा आणि जायचे, असे ठरले. पहिले दोन दिवस मूल आधीपेक्षा जास्त रडले, आणि आमची विद्यार्थिनी घाबरून माझ्याकडे आली की आपण त्याचे वाईट तर केले नाही ना. मी तिला एवढेच सांगितले की आतापर्यंत त्याला रडण्याची सवडच मिळाली नव्हती, तो वाट पाहण्यात गुंतला होता. ती रोज डब्यानंतर त्याच्याशेजारी बसून ‘आता बाग, मग आजी’ एवढे म्हणत राहिली. चौथ्या दिवशी एक पट्टा खांद्यावरून उतरला. पुढच्या आठवड्यात वहीत एकच ओळ होती : ‘9.25, दप्तर खुंटीवर.’

आता सिद्धान्त शिकवावा, कारण आता त्याला बसायला जागा झालेली असते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 मध्ये बेघर मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल लिहिला आणि लहान वयात आई किंवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीशी जिव्हाळ्याचे, अखंड नाते असणे ही मुलाच्या वाढीची अट आहे, असे त्यात मांडले. मेरी एन्सवर्थ यांनी पुढे हेच काम निरीक्षणाच्या अंगाने वाढवले. आई खोलीतून गेल्यावर मूल किती रडते, यापेक्षा ती परत आल्यावर ते तिच्याकडे कसे जाते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ज्याला आपला आधार पक्का वाटतो ते मूल त्या आधाराला चिकटून बसत नाही, उलट तेथून निघून आजूबाजूचे जग चाचपून पाहते. हे वाक्य मी पूर्वीही सांगत असे आणि मुली ते उतरवून घेत. दप्तराच्या नोंदीनंतर सांगितले तेव्हा कोणी पेन उचलले नाही, सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्रिकोणाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान त्यानेच केले आहे. अब्राहम मॅस्लो यांनी 1943 मध्ये गरजांची चढती श्रेणी मांडली, परंतु त्या लेखात त्रिकोण नाही. तो नंतर इतरांनी काढला आणि पाठ्यपुस्तकांनी उचलला. शिवाय एक गरज पुरती भागल्याशिवाय दुसरी जागी होत नाही असा अर्थ घेऊ नये, हेही मॅस्लो यांनी तेथेच स्पष्ट केले होते. त्रिकोणामुळे मात्र विद्यार्थिनींच्या मनात जिना तयार होतो : आधी पोट, मग सुरक्षितता, मग प्रेम. एकदा एक अत्यंत कष्टाळू विद्यार्थिनी अंगणवाडीतून आल्यावर म्हणाली, ‘मॅडम, ती मुलं जेवायला येतात. त्यांच्या मानसिक गरजा नंतरच्या.’ तिच्या मनात तुच्छता नव्हती, ती त्रिकोण वाचत होती. पण असे मानणारी शिक्षिका गरीब मुलाच्या ताटात खिचडी वाढते आणि त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही, आणि आपले काम पुरे झाले असे तिला प्रामाणिकपणे वाटते.

या समजुतीला उत्तर म्हणून मी दोन अभ्यास हमखास सांगते. हॅरी हार्लो यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकडांच्या पिलांना दोन कृत्रिम ‘आया’ दिल्या होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडून मिळत असले तरी पिले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत आणि दूध पिण्यापुरती तारेकडे जात. हे प्रयोग क्रूर होते, हेही विद्यार्थिनींना सांगितलेच पाहिजे. दुसरा अभ्यास रेने स्पिट्झ यांचा, 1945 सालचा. त्यांनी एका अनाथालयातील तान्ह्या मुलांची तुलना तुरुंगातील पाळणाघरातल्या मुलांशी केली. अनाथालयात स्वच्छता होती, अन्न होते, वैद्यकीय देखरेख होती, पण एकेका दाईकडे अनेक मुले असल्याने कुशीत घेणारे, बोलणारे माणूस जवळजवळ नव्हते. तुरुंगात मुलांना त्यांच्या कैदेत असलेल्या माताच सांभाळत होत्या. अनाथालयातील मुले वाढीत मागे पडत गेली आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक मुले दोन वर्षांत दगावली. स्पिट्झ यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले आणि ते योग्यही होते, तरी वाढत्या मुलाला माणूस अन्नाइतकाच लागतो, या मुख्य निष्कर्षाला नंतरच्या संशोधनाने बळच दिले. हे ऐकल्यानंतर त्या विद्यार्थिनीला मी अंगणवाडीत पुन्हा पाठवले आणि सांगितले की ताट वाढताना प्रत्येक मुलाचे नाव घे. बाकी काहीही करू नकोस.

वर्गीकरण हवेच असेल, आणि परीक्षेसाठी ते लागते, तर मी ब्रिटनमधील बालमानसशास्त्रज्ञ मिया केल्मर प्रिंगल यांनी 1974 मध्ये मांडलेल्या चार गरजा वापरते : प्रेम व सुरक्षितता, नवे अनुभव, कौतुक व मान्यता, आणि जबाबदारी. ही मांडणी लहान आहे, तिच्यात वर-खाली काही नाही आणि शिक्षिकेला उद्या सकाळी वर्गात काय करायचे हे त्यातून थेट सुचते. पहिल्या गरजेविषयी वर आले. नव्या अनुभवांविषयी आपल्याला साहित्य भरपूर मिळेल, त्यावर मी वेळ घेत नाही.

जबाबदारीवर मात्र थांबते, कारण ती गरज आहे हेच आपल्याकडे मान्य होत नाही. आपल्या जुन्या घरांत आजी नातवाला मटार सोलायला बसवते, पाने मांडायला सांगते, गणपतीत दूर्वा निवडायला देते, आणि चार वर्षांचे मूल त्या कामात अर्धा तास मान वर करत नाही. तेच मूल शाळेत आले की त्याच्या पाण्याच्या बाटलीचे झाकणसुद्धा दुसरे कोणी उघडते. सरावकाळात प्रत्येक विद्यार्थिनीने एका मुलाला एक खरे काम द्यायचे, असा आमचा नियम आहे. ‘खरे’ म्हणजे मुलाने ते केले नाही तर वर्गाचे काहीतरी अडेल असे. खडू वाटणे, कुंडीला पाणी घालणे, चटया मोजून आणणे ही कामे चालतात. मुलाने झाडलेले त्याच्यादेखत पुन्हा झाडले, तर ते काम खोटे ठरते. मुलांना ते लगेच कळते. या संदर्भात मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांच्या कामाचा उल्लेख आवर्जून करते. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या परिसरात कुरणशाळा चालवल्या. मुलावर असलेले काम हा अडथळा न मानता त्या कामाच्या जागीच शिक्षण नेले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात ताराबाईंनी बालशिक्षणाचे काम केले होते, तेव्हा गुजरातेत राहणाऱ्या आपल्या मराठी विद्यार्थिनींना ही परंपरा दोन्हीकडून आपली आहे, हे माहीत असावे.

कौतुकाच्या बाबतीत विद्यार्थिनी नेमक्या उलट्या बाजूने चुकतात. सरावपाठाला निघताना त्यांच्या पर्समध्ये चांदण्यांच्या चिकटपट्ट्या असतात आणि दर दोन मिनिटांना ‘व्हेरी गुड’ होते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांना सांगावा. चित्रे काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल, दुसऱ्याला काही न सांगता शेवटी ते दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन मोकळेपणी ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांनी त्या पेनांशी घालवलेला वेळ इतर मुलांच्या जवळजवळ निम्मा भरला. यातून ‘कौतुक करू नये’ असा निष्कर्ष काढणारी विद्यार्थिनी दरवर्षी एक तरी निघते. तिला सांगावे की मुलाला हवी आहे ती दखल. ‘तू नदीला तीन निळे रंग दिलेस’ असे म्हणण्यासाठी चित्र खरोखर पाहावे लागते, चांदणी मात्र न पाहताही चिकटवता येते.

बडोद्यात हा घटक शिकवणाऱ्याने भाषेचा विचार टाळता कामा नये. आपल्याकडच्या मराठी घरातले मूल आईशी मराठी बोलते, पोळेत म्हणजे गल्लीत खेळताना गुजराती बोलते, आणि साडेतीन वर्षांचे होताच इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते. तिसऱ्या भाषेच्या वर्गात अशी मुले कित्येक आठवडे, कधी काही महिने, एक शब्दही बोलत नाहीत, ऐकत मात्र असतात. निरीक्षणवहीत त्यांच्याविषयी ‘मंद’ असा शेरा मी वाचला आहे. हे व्याख्यान देऊन समजत नाही, म्हणून मी माझ्या एका मल्याळी सहकारी बाईंना वर्गावर बोलावते. त्या पंधरा मिनिटे फक्त मल्याळममध्ये शिकवतात, प्रश्न विचारतात, उत्तर न आल्यास पुन्हा तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात विचारतात आणि भाषांतर करत नाहीत. सहाव्या-सातव्या मिनिटाला एरवी सर्वांत पुढे बोलणाऱ्या मुली खाली बघू लागतात. शेवटी त्या बाई एकीजवळ जाऊन मराठीत ‘पाणी हवंय का?’ असे विचारतात, आणि त्या मुलीचा चेहरा कसा बदलतो हे सगळा वर्ग पाहतो. त्यानंतर वर्गात मुलाच्या घरच्या भाषेतला एक तरी शब्द शिक्षिकेला का यावा, हे मला समजावून सांगावे लागत नाही.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे ती आपल्या हातून होणार नाही. विद्यार्थिनींनी स्वतःचे बालपण आठवावे, दहा वर्षांच्या आतला एखादा प्रसंग लिहावा, ज्यात कोणा मोठ्या माणसाने त्यांना समजून घेतले किंवा घेतले नाही, असा स्वाध्याय मी देत असे. तो उपयुक्त आहे. परंतु सुरुवातीच्या एका वर्षी मी ते प्रसंग वर्गात मोठ्याने वाचायला लावले. एक मुलगी अर्ध्यावर थांबली, वही मिटली आणि बाहेर निघून गेली. त्या दिवशी मुलांच्या मनाविषयी शिकवताना मी समोरच्या वीस वर्षांच्या मुलीच्या मनाचा विचार केला नव्हता. मी तिची माफी मागितली, तिने ती मोठ्या मनाने स्वीकारली, तरी तो तास मला आजही लागतो. आता हे लेखन विद्यार्थिनीच्या स्वतःजवळ राहते. कोणाला बोलावेसे वाटले तर माझी खोली उघडी असते, आणि माझ्या आवाक्याबाहेरचे असेल तर समुपदेशकाचे नाव मी आधीच विचारून ठेवलेले असते.

याच ओघात आपण वर्गात विद्यार्थिनींशी कसे वागतो हेही आले. सत्तर जणींच्या वर्गात ज्या मुलीचे नाव वर्षभर कोणी घेतले नाही, तिने सरावपाठाला जाऊन चाळीस मुलांची नावे पाठ करावीत, अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते. बी.एड. दोन वर्षांचे झाल्यापासून शाळेतील कामासाठी किमान 20 आठवडे मिळतात. त्या काळात प्रत्येकीच्या वहीवर सहीबरोबर एक खरे वाक्य लिहिणे जड जाते, पण शक्य असते.

विद्यार्थिनी आणखी एक शंका हमखास काढतात : मुलाच्या गरजा भागवायच्या म्हणजे त्याला हवे ते द्यायचे का? यावर उदाहरणच द्यावे. कमाटीबागेत छोट्या गाडीत तिसऱ्यांदा बसायचे म्हणून मूल रडते, ती इच्छा आहे आणि तिला ‘नाही’ म्हणता येते. ‘नाही’ म्हणताना त्याला एकटे न टाकणे, त्याच्या रडण्याची टिंगल न करणे आणि दहा मिनिटांनी शब्द न फिरवणे, यात त्याची सुरक्षिततेची गरज भागते. मर्यादा आखून देणे हेही त्या गरजेतच मोडते. शिक्षेबाबत मात्र चर्चा करत बसू नये. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले आहेत, आणि यातला दुसरा भाग बहुतेक विद्यार्थिनींना ठाऊक नसतो. वर्गात नक्कल करणे, नापास भावंडाशी तुलना करणे, बाकावर उभे करून वर्गाला त्याच्यावर हसवणे यांची उदाहरणे घेऊन तो शिकवावा. एखादे मूल अचानक खाणे-बोलणे सोडते, अंगावर खुणा दिसतात किंवा लैंगिक अत्याचाराची शंका येते, तेव्हा निरीक्षणवहीचे काम संपते. मुलाला उलटतपासणीसारखे प्रश्न न विचारता तत्काळ कळवायचे असते, आणि 2012 च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, अशा अत्याचाराच्या शंकेची माहिती देणे बंधनकारक केले आहे, हे पहिल्याच वर्षी सांगून ठेवावे.

राहिला प्रश्न परीक्षेचा. ‘मानसिक गरजांचे प्रकार स्पष्ट करा’ हा प्रश्न विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत येतो तोवर त्याची तयारी करून घ्यावीच लागेल. पण अंतर्गत मूल्यमापन आपल्या हाती आहे. तेथे मी एका मुलाच्या दहा मिनिटांचे अर्धा पान वर्णन देते, विशेषण नसलेले, आणि विचारते की या मुलाला काय हवे असू शकेल आणि ते कोणत्या ओळीवरून वाटले. दहापैकी सात गुण ओळ दाखवण्याचे असतात. उरलेले तीन गुण, ठरवण्याआधी आणखी काय पाहावे लागेल हे जी लिहील, तिच्यासाठी राखून ठेवते.